‘उत्तर तूच लिही’ म्हणाले, पण काय लिहू?

प्रश्न : मी बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये एचआर एक्झिक्युटिव्ह आहे, सोबत एमबीएचं शेवटचं वर्ष चालू आहे. दोन वर्षांत कंपनी वीस जणांवरून ऐंशीवर गेली. गेल्या शुक्रवारी आमच्या सगळ्यात जुन्या डेव्हलपरने शेवटच्या दिवशी सगळ्या स्टाफला मेल टाकला. ईसॉप (कर्मचाऱ्यांना ठरल्या किमतीत कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) फक्त तोंडी मिळाले, निर्णय रात्री व्हॉट्सअॅपवर होतात, अप्रेझल रखडलंय आणि एक मॅनेजर मुलींशी नीट वागत नाही, असं त्यात होतं. फाउंडर म्हणतात, ‘उत्तर तूच लिही. वेग झेपला नाही म्हणून गेला, असं टाक. आणि त्याचं फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) जरा अडकवून ठेव.’ एचआर म्हणजे हेच असेल तर क्षेत्र बदलू का?

उत्तर : बदलू नकोस, निदान या कारणासाठी तरी नाही. जे तुझ्या टेबलावर येऊन पडलंय तेच एचआरचं खरं काम. दिवाळीची रांगोळी स्पर्धा आणि वाढदिवसाचे केक कोणीही सांभाळेल.

आधी पैशांचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार राजीनामा देऊन गेलेल्याचं वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करावं लागतं. तो शुक्रवारी गेला, म्हणजे मुदत एव्हाना टळलीच असणार. आजच अकाउंट्सच्या मागे लाग, पीएफ पोर्टलवर त्याची एक्झिट डेटही टाकून घे. फाउंडरना हे पटवणं त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण इथे तुझं मत नाही, कायदा बोलतोय.

आता ते मॅनेजरबद्दलचं वाक्य. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. त्याचा खुलासा मेलमध्ये करायचा नाही. ना ‘असं काही नाही’ म्हणायचं, ना ‘चौकशी करू’ म्हणून नाव घ्यायचं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार त्या मुलीनेच लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. समितीच्या अध्यक्षांच्या कानावर हे आजच घाल, आणि तक्रार कुठे, कशी करायची ते सगळ्यांना पुन्हा कळव. समितीच नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती नेमायला लाव.

मी एवढा आग्रह का धरते? सुझन फाउलर ही इंजिनिअर डिसेंबर २०१६ मध्ये उबर सोडून गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तिने तिथला अनुभव जाहीर लिहिला. मॅनेजरबद्दल ती एचआरकडे गेली तेव्हा ‘त्याची ही पहिलीच चूक’ असं तिला सांगितलं गेलं. पुढे इतर मुलींशी बोलल्यावर कळलं की त्यांनाही हेच ऐकवलं होतं. टीममधल्या पुरुषांना लेदर जॅकेटं आली, सहा बायकांना नाहीत, कारण एवढ्या कमी जॅकेटांवर घाऊक सवलत बसत नव्हती! लेख आल्यावर कंपनीने चौकशी नेमली, वीसहून अधिक जणांना काढलं, आणि जूनमध्ये सीईओ ट्रॅव्हिस कलानिक यांना पद सोडावं लागलं. हे सगळं ती आत असताना एचआरला माहीत होतं, हे लक्षात घे.

ईसॉपचा मुद्दा खरा आहे का ते तपास. योजनेला भागधारकांचा ठराव लागतो, आणि ग्रँट झाल्यावर, म्हणजे रीतसर दिल्यावर, किमान एक वर्षाने ते व्हेस्ट होतात, म्हणजे हक्काचे होतात. ग्रँट लेटर हातात नसेल तर कबूल केलेलं सगळं हवेतच. जो गेला त्याचं सोड. ‘मलाही असंच सांगितलंय’ म्हणणारे आत किती बसलेत, ते मोज. उत्तर खरं तर ते वाचणार आहेत. म्हणून ‘वेग झेपला नाही’ हे वाक्य नको. मेल इंग्रजीतच जाईल, पण आशय साधारण असा ठेव :

‘कंपनीच्या सुरुवातीपासून त्यांनी केलेल्या कामाबद्दल आभार. त्यांनी मांडलेल्या मुद्द्यांपैकी अप्रेझल रखडलंय हे खरं आहे. त्याची तारीख शुक्रवारपर्यंत कळवतो. ईसॉप ज्यांना कबूल केले आहेत त्यांना या महिन्यात लेखी पत्र मिळेल किंवा का मिळणार नाही ते प्रत्यक्ष सांगितलं जाईल.’

बस. रात्रीच्या व्हॉट्सअॅपवर आत्ता काही लिहू नकोस, ती सवय मेलने सुटत नाही. आणि मेल फाउंडरच्या नावाने जाऊ दे. ईसॉपचं वचन तू दिलेलं नाहीस, ते पाळायचं की नाही हेही तुझ्या हातात नाही. मग सही तुझी कशाला? स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, वाद घालू नकोस, पंधरा मिनिटं मागून केबिनमध्ये बस, मसुदा छापून ने. ते चिडतील. अडून बसले, तर तुझा सल्ला दोन ओळींत त्यांना मेल करून ठेव. पुढे नोकरी बदलायची वेळ आलीच, तर इंटरव्ह्यूत सांगायला तुझ्याकडे काहीतरी असेल, फक्त कंपनीचं नाव न घेता.

शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला हेच प्रकरण घेऊ का, असंही विचारलंयस. घेऊ नकोस. नावं गाळली तरी वर्गात कोणी ना कोणी ओळखणारच, पुण्याचं आयटी तेवढं लहान आहे. त्याऐवजी एक्झिट इंटरव्ह्यू, म्हणजे सोडून जाणाऱ्याशी होणारी शेवटची मुलाखत, हा विषय घे : नोटीस पीरियडमध्ये तो कधी घ्यावा, रिपोर्टिंग मॅनेजरने घ्यावा की नाही, आणि त्यात कळलेलं पुढे कोणाच्या टेबलावर जातं. तुमच्याकडे तो होतच नसावा, नाहीतर हा मेल आला नसता.