गिम्लीत मन रमेल का?

तुम्ही विचारलंत की मिस्टरांना कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या गिम्लीत नोकरी मिळतेय, तर तिथेच बिऱ्हाड करावं की विनिपेगला राहून रोज ये-जा करावी. एवढ्याशा गावात आपल्याला कोण विचारणार? मी बरीच वर्षं या भागात आहे. माझं मत विचाराल तर गिम्लीतच राहा.

हे गाव वसवलं तेच मायदेश सोडून आलेल्यांनी. आइसलंडमध्ये हलाखी होतीच, त्यात मार्च १८७५ मध्ये आस्क्या ज्वालामुखी फुटला आणि पूर्वेकडची कुरणं राखेखाली गेली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला पहिली मंडळी विनिपेग सरोवराच्या काठी, विलो पॉइंटला उतरली. हिवाळा तोंडावर आणि डोक्यावर छप्पर नाही. पुढच्या वर्षी देवीची साथ आली, शंभरएक माणसं दगावली. इथल्या मूळ रहिवाशांचे तर फारच हाल झाले. त्यांच्यातल्या जॉन रॅम्सेची जागा या वसाहतीत गेली होती, तरी त्याने नवख्यांना मदतच केली. त्याची बायको बेट्सी त्या साथीत गेली. तिच्या थडग्यावर त्याने संगमरवरी शिळा आणून बसवली. गावाच्या इतिहासाबरोबर मुलांना हेही जरूर सांगा.

अशा दिवसांत या लोकांनी १८७७ मध्ये आपल्या भाषेत 'फ्रामफारी' हे वर्तमानपत्र सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी कारभारासाठी स्वतःची घटना लिहिली. घरात दाणा नाही आणि छापखाना उभा! मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

ती हौस अजून टिकून आहे. ऑगस्टच्या सुरुवातीच्या जोडसुट्टीत 'इस्लेंडिंगादागुरिन' म्हणजे आइसलंडकरांचा दिवस, हा उत्सव असतो. १८९० मध्ये तो विनिपेगला सुरू झाला, १९३२ पासून गिम्लीत भरतो. दरवर्षी समाजातल्या एका बाईंना 'फ्यात्लकोना' म्हणजे 'डोंगरची स्त्री', आइसलंडचं मूर्तरूप, म्हणून मान मिळतो. पांढरा झगा, त्यावर हिरवा अंगरखा, डोक्यावर मुकुट अशा थाटात त्या भाषण करतात आणि सगळे शांतपणे ऐकतात. तिकडे बंदरात पाण्यावरच्या आडव्या खांबावर बसून एकमेकांना खाली पाडायची चुरस चाललेली असते. 'विनारतेर्ता' नक्की खा: सुकवलेल्या आलुबुखाराचं सारण भरलेला थरांचा केक, त्यात चक्क आपली वेलची! त्यावर आयसिंग हवं की नको, यावर घरोघरी वाद आहेत. जुलैत चित्रपट महोत्सव असतो. पडदा सरोवराच्या पाण्यात आणि आपण वाळूत.

१९०६ मध्ये रेल्वे आली तशी विनिपेगची मंडळी उन्हाळ्यात इथे येऊ लागली, ती आजही येतात. त्यामुळे उन्हाळ्यात गजबज, हिवाळ्यात सामसूम. सरोवर गोठलं की लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. कुणीतरी बोलावेलच, तेव्हा जा. पण जाणत्या माणसाशिवाय बर्फावर पाऊल टाकू नका. आपली माणसं आणि किराणा यांसाठी विनिपेग गाडीने तासा-सव्वातासावर आहे. मात्र दर शनिवार-रविवार तिकडेच पळालात तर गावात ओळखी होणार नाहीत. उत्सवात काम करायला हात लागतातच, पहिल्याच वर्षी नाव द्या.

आणि घर बघायला जुलैत येऊ नका, तेव्हा कुणालाही गाव आवडतं. फेब्रुवारीत या, दोन दिवस राहा, मग ठरवा.