डिस्कस माशांची पिल्लं कालच पोहायला लागलीत. टँकचं पाणी बदलू का, आणि कसं?

तुम्ही लिहिलंय की धायरीतल्या घरी तुमच्या डिस्कसच्या जोडीने पहिल्यांदाच पिल्लं काढलीत. काल दुपारपासून ती अंडी घालायला ठेवलेला कोन (शंकूसारखं भांडं) सोडून आईबापाच्या अंगाला चिकटायला लागलीत. टँक दीड फुटाचा चौकोनी आहे आणि चार दिवस तुम्ही भीतीने पाण्याला हातच लावलेला नाही. दुकानदार सांगतो महिनाभर बदलू नका, मित्र सांगतो रोज अर्धं बदला.

दोघांचंही ऐकू नका. पाणी रोज बदला, पण दहावा हिस्साच, आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याने. तसं पाणी आज तयार नसेल तर आज फक्त ड्रम भरा आणि उद्या संध्याकाळी बदला. आणखी एका दिवसाने फारसं बिघडत नाही. नळाखालची बादली आणून थेट ओतलीत तर मात्र तासाभरात सगळं हातचं जाऊ शकतं.

मी कोथरूडला राहतो, गेली बारा वर्षं डिस्कस पाळतोय. माझी पहिली पिल्लं मी तुमच्यासारख्याच भीतीने गमावली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पोहायला लागल्यावर मी पाच दिवस पाणी बदललं नाही. सहाव्या दिवशी टँकला वास यायला लागला तेव्हा घाबरून एकदम अर्धं बदललं. नवं पाणी सोसायटीच्या टाकीतलं होतं, त्यातला क्लोरीन काढून टाकलेला होता, तापमानही जुळवलेलं होतं. तरी थोड्याच वेळात पिल्लं आईच्या अंगावरून सुटून तळाशी गोल गोल फिरायला लागली. रात्रीपर्यंत दीडशेतली दहा-बारा उरली.

काय झालं होतं ते मला फार नंतर उमगलं. माशांच्या घाणीतून टँकमध्ये तयार होणारा अमोनिया दोन रूपांत असतो. एक माशांना फारसं बाधत नाही, दुसरं कल्ले जाळतं. त्यांचं प्रमाण ठरतं पीएचवर, म्हणजे पाणी किती आंबट आहे त्यावर; पीएच जितका कमी तितकं पाणी आंबट. 30 अंश तापमानाला पीएच 6 असेल तर विषारी भाग हजारात जेमतेम एक. पीएच 7 ला शंभरात एकाहून थोडा कमी. पीएच 8 ला शंभरात सात-साडेसात. म्हणजे पीएच एकाने वर गेला की विष जवळपास दहापट. माझ्या टँकचं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी पाच दिवसांत आंबट होत 6 च्या आसपास उतरलं होतं. इतक्या आंबट पाण्यात फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणू मंदावतात, त्यामुळे अमोनिया साठत गेला, पण निद्रिस्त रूपात. त्या दिवशी सोसायटीने टाकीत बोअरचं पाणी मिसळलं होतं, त्याचा पीएच 8 च्या जवळ. मी अर्धं पाणी काढलं म्हणजे अमोनिया निम्मा केला खरा, पण उरलेल्याचा विषारी भाग कितीतरी पटींनी वाढवला. चूक माझी होती. न तपासता ओतलं, आणि त्याआधी पाच दिवस हात बांधून बसलो.

म्हणून टँकजवळ जाण्याआधी दोन्हीकडचा, टँकचा आणि नव्या पाण्याचा, पीएच आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. टीडीएसचा पेनसारखा मीटर आणि पीएच तपासायचे थेंब, दोन्ही स्वस्तात मिळतात. चार दिवस पाणी बदललेलं नाही, तेव्हा अमोनिया तपासायचे थेंबही आणा. टँकचा पीएच 6.5 च्या खाली आणि नव्या पाण्याचा 7.5 च्या वर निघाला तर दहावा हिस्सासुद्धा एका दमात घालू नका. सकाळी विसावा, संध्याकाळी विसावा, असं दोन-तीन दिवस करत वर या.

आपल्या पुण्यात हे पाणी मोजणं जास्तच गरजेचं आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांतलं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस, ते मऊ असतं. माझ्याकडे निव्वळ नळाच्या पाण्याचा टीडीएस बहुतेक वेळा 100 च्या आत येतो. बोअरच्या पाण्याचा मात्र 500 च्या वर गेलेला पाहिलाय. तुमच्याकडे टँकरही येत असेल, आणि टँकर आज कुठून भरून आला ते सांगता येत नाही. वरच्या टाकीत तिन्ही एकत्र होतात. मी पंप सोडणाऱ्या काकांशीच ओळख ठेवली आहे. पिल्लं असताना रोज विचारतो, "काका, आज बोअर चालू केलं होतं का?" त्यांना आता सवय झालीय, जिन्यात भेटले की स्वतःहून सांगतात. तरी मीटर बुडवल्याशिवाय मी पाणी घेत नाही.

अंडी फलावीत म्हणून तुम्ही आरओचं पाणी मिसळलं असेल, तर नवं पाणीही तेवढ्याच टीडीएसचं करून घ्या. टँक 120 वर असेल तर ड्रम 110 ते 140 मध्ये बसवा. निव्वळ आरओचं पाणी ओतणंही तितकंच वाईट, पिल्लांच्या अंगातल्या क्षारांचा तोल त्याने बिघडतो. अंड्यांना मऊ पाणी लागतं, वाढत्या पिल्लांना तितकं मऊ लागत नाही. पण हा बदल आठवडाभरात हळूहळू व्हायला हवा.

आता क्लोरीन. डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊनच जगतात. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं की अंडी घातल्यावर या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं दोन्ही वाढतात. म्हणजे हे त्यांच्यासाठी आईचं दूधच आहे, आणि इथे बापही पाजतो. क्लोरीन पिल्लांचे कल्ले तर भाजतोच, पण आईबापाच्या त्वचेलाही झोंबतो, आणि त्वचा बिघडली की पिल्लांचं ताट बिघडलं. मोठे मासे थोडा क्लोरीन सोसून जातात म्हणून निष्काळजी राहू नका.

माझी पद्धत अशी. बाल्कनीत न ठेवता घरातच, पिण्याचं पाणी साठवायचा असतो तसा 100 लिटरचा झाकणाचा ड्रम. त्यात सायंकाळी पाणी भरायचं, एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडायचा, हीटर लावायचा आणि पूर्ण 24 तास चालू ठेवायचं. हवेने क्लोरीन उडतो. घाई असेल तर दुकानात मिळणारे हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. 10 ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, 100 लिटरला त्यातलं 100 मिली पुरतं. नंतर क्लोरीन तपासायचे थेंब टाकून बघा. पिवळटपणा दिसला तर पाणी अजून तयार नाही. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की क्लोरीनची मात्राही वाढवली जाते, तेव्हा हे तपासल्याशिवाय ड्रमला हात लावू नका.

रात्रभर हवा सोडण्याचं आणखी एक कारण आहे. दाबाखाली आलेलं थंड पाणी गरम केलं की त्यात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन बाहेर पडतात. तसं पाणी थेट टँकमध्ये गेलं तर पिल्लांच्या अंगावर, कल्ल्यांत बारीक बुडबुडे धरतात आणि ती वर तरंगत राहतात. ड्रममध्ये ते सगळं आधीच निघून जातं.

तापमान टँकमध्ये 30 असेल तर ड्रममध्येही 30, फार तर अर्धा अंश इकडेतिकडे. जानेवारीत सकाळचं नळाचं पाणी इतकं गार असतं की बोटं वळतात, आणि एप्रिलमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारी हात भाजेल असं येतं. हाताने अंदाज घेऊ नका, थर्मामीटर बुडवा.

पाणी काढायच्या वेळी आधी टँकच्या हीटरचं बटण बंद करून प्लग काढा. पाण्याबाहेर पडलेली तापती काच तडकते, आणि तुमचा हात पाण्यात असतो. पंधरा मिनिटं थांबा. खोलीतला दिवा आधीपासून लागलेला असू द्या. अंधारात बसलेल्या जोडीवर एकदम उजेड पाडलात तर ती उसळते आणि पिल्लं विखुरतात. काही जोड्या बिथरल्या की पिल्लं गिळतातही. मी टँकजवळ रात्री झिरोचा बल्ब लावून ठेवतो, म्हणजे पिल्लांना आईबाप सापडत राहतात.

मोठा सायफन बाजूला ठेवा. एअर पंपाची साधी बारीक नळी घ्या आणि तिच्या तोंडाला स्पंजचा तुकडा घट्ट बसवा. आईबाप ज्या बाजूला नाहीत त्या कोपऱ्यात ती सोडा आणि पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. दीड फुटाच्या टँकमध्ये साधारण 80 लिटर पाणी असेल तर तुम्हाला 8 लिटर, म्हणजे अर्धी बादली काढायची आहे. पंधरावीस मिनिटं लागतात. लागू द्या.

तळाची घाण काढायला मात्र स्पंज काढावा लागतो. तेव्हा नळीला एक ताठ प्लास्टिकची काडी जोडा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत नळी धरून ठेवा, पिल्लू तोंडाजवळ आलं की चिमूट दाबायची. कितीही जपलं तरी दोन-चार जातातच. म्हणूनच बादली पांढरी. ती लगेच मोरीत ओतू नका, दहा मिनिटं ठेवून टॉर्चने बघा. सापडलेली पिल्लं जाळीने उचलायची नाहीत, पेल्याने पाण्यासकट घेऊन आईच्या जवळ अलगद सोडायची.

पाणी भरणं त्याहून हळू. ड्रममधलं पाणी एका बादलीत घेऊन बादली टँकपेक्षा उंच ठेवा, तीच बारीक नळी सोडा आणि तिला एअर पंपाचा छोटा कॉक लावा. 200 मिलीचा पेला भरायला दीड मिनिट लागेल एवढी धार ठेवलीत की 8 लिटर तासाभरात जातात. नळीचं तोंड फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ धरा, म्हणजे नवं पाणी पिल्लांपर्यंत पोचण्याआधी मिसळतं. पूर्ण भरल्यावरच हीटरचा प्लग लावा. या पहिल्या दिवसांत पाण्याची पातळी नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली तरी चालते, पिल्लांना आईबाप शोधायला सोपं जातं.

फिल्टर हवेवर चालणारा स्पंजचाच असेल असं धरतो. मोटारीचा असेल तर आजच काढा, तो पिल्लं ओढून घेतो. स्पंज धुवायचा तो बाहेर काढलेल्या टँकच्या पाण्यात, हलकेच दाबून. नळाखाली धुतलात तर त्यातले जिवाणू मरतात आणि अमोनियाचा प्रश्न परत उभा राहतो.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून तुम्ही आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जिवंत जीव) द्यायला लागाल, तिथून कामाची गती बदलते. उबवलेली आर्टेमिया बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुऊन घाला. उरलेली तळाशी मरून कुजते, म्हणून खाणं झाल्यावर अर्ध्या तासाने तळ काढायचा आणि तेवढंच पाणी भरायचं. तेव्हा रोजचं प्रमाण दहाव्या हिश्श्यावरून पाव, मग तिसरा हिस्सा असं आठ-दहा दिवसांत वाढवा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबाप पिल्लांपासून दूर पळायला लागतात, त्यांच्या अंगावर ओरखडे दिसतात. मग त्यांना वेगळं करा. पुढे एकट्या पिल्लांच्या टँकमध्ये मी रोज निम्मं पाणी बदलतो, दोन वेळांत वाटून. तोपर्यंत ती पाण्याला सरावलेली असतात.

एक राहिलं. गुरुवारी पाणी बंद असल्याची सूचना आली की ड्रम बुधवारीच भरून घ्या. शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येणारं पहिलं पाणी गढूळ असू शकतं, ते पिल्लांसाठी घेऊ नका, शनिवारचं घ्या. पिल्लं असेपर्यंत मी दोन ड्रम ठेवतो, एक वापरात आणि एक मुरत.

आता मीटर बुडवा आणि टँकचा आणि नळाचा, दोन्हींचा टीडीएस आणि पीएच इथे लिहा. फरक कळला की उद्या संध्याकाळी नक्की किती लिटर बदलायचं ते सांगतो.