वही भरलेली, पेपर कोरा

"मॅडम, आधी हिची वही बघा. मग बोला."

श्रावणीच्या आईनं खुर्चीत बसायच्या आधीच पिशवीतून इतिहास-राज्यशास्त्राची वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. (नाव बदललंय, घरचे एकदोन तपशीलही. लिहायला दोघींची हरकत नाही.) तपकिरी कव्हर, वरून प्लास्टिक. पाठाचं नाव स्केचपेननं, प्रश्न काळ्या शाईत, उत्तरं निळ्या. दर शनिवारी तपासलेल्या वर्गपाठाखाली बाईंची लाल सही आणि तारीख. एकही आठवडा सुटलेला नाही. मग त्याच पिशवीतून घडी घातलेला दुसरा कागद निघाला. दहावीची पहिली घटक चाचणी, २० पैकी ६.

"रात्री अकरा-अकरापर्यंत लिहायलीय ओ ही. मी विड्या वळत बसते, ही समोर लिहीत बसते. माझ्या डोळ्यांदेखत. मग पेपरात कुठं जातंय सगळं? डोक्यातच काही कमी हाय का? एखादं टॉनिक तरी सांगा."

मुलांच्या अभ्यासाच्या अडचणी घेऊन पालक माझ्याकडे येतात, आणि घटक चाचणीचे पेपर घरी आले की हा प्रश्न येतोच. कधी सोलापूरच्या हॉटगी रोडवरच्या बंगल्यातून, कधी विडी कामगारांच्या वस्तीतून, विडी घरकुलातून. शब्द तेवढे बदलतात. आणि विषय बहुतेक वेळा इतिहास-राज्यशास्त्रच असतो. गणितात अडलं की अडल्याचं कळतं, पेन थांबतं. इतिहासाची दोन पानं मात्र काहीही न कळता सुंदर भरता येतात.

टॉनिकचा विषय बाजूला ठेवून मी आधी बाकीचे विषय पाहिले. गणितात २० पैकी १४. मराठीचा उतारा माझ्यासमोर न अडखळता वाचला. सगळ्याच विषयांत वाचन-लेखन अडत असतं तर मी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या म्हटलं असतं. तसा दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. इथे तशी खूण दिसली नाही.

राहिली स्मरणशक्ती. मी विचारलं, "शाळेला कुठून जातेस गं?"

"चार पुतळ्यांवरून."

"कोण ते चौघं?"

"मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे." एका दमात. मग न विचारताच पुढचं. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, गिरणी कामगार रस्त्यावर आले, इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी. आधी काय, नंतर काय, कशामुळे काय, सगळं जागच्या जागी. आई तिच्याकडे बघतच राहिली. "हे कधी पाठ केलीस?"

"पाठ नाही केलं. आजोबा सांगायचे. मग सहावीत भाषण केलं होतं ना."

तेव्हा डोक्यात काही कमी नव्हतं, हे त्या पाच मिनिटांत ठरलं.

यापुढची चूक माझी. मला वाटलं, पोर दमून रात्री लिहिते म्हणून डोक्यात राहत नाही. मी वेळापत्रक करून दिलं: रात्री लवकर झोप, पहाटे लिखाण. आईनं ते इमानानं पाळलं, रोज पाचला उठवलं. तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. वही तशीच देखणी, आणि वर्गातल्या तोंडी प्रश्नांना श्रावणी तशीच गप्प. लिहायची वेळ तेवढी बदलली होती.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. म्हटलं, "घरी लिहितेस तसंच इथे बसून लिही."

तिनं गाईड उघडलं. डाव्या हाताचं बोट ओळीवर. तीन शब्द बघायचे, तीन शब्द लिहायचे. बोट पुढे, पुन्हा तीन शब्द. पाव तासात पाऊण पान, एक खाडाखोड नाही. मी वहीवर हात ठेवला. "काय लिहिलंस आत्ता?"

"उपयोजित इतिहास म्हणजे... लोकांसाठी... ते..." थांबली. मग अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "मॅडम, लिहिताना मी वाचत नाही ना."

मी वही मागे चाळत गेले. राज्यशास्त्राच्या एका प्रश्नाखाली, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात उत्तर होतं: 'उत्तरासाठी पाठातील चौकट पाहा.' खाली लाल बरोबरची खूण.

आम्ही तिघी हसलो. श्रावणी सगळ्यांत जास्त. मग आई गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे छाट की ओ ही." विड्या कारखान्यात नेऊन दिल्या की तपासणारा खराब म्हणून ज्या बाजूला काढतो, त्या छाट. त्यांची मजुरी मिळत नाही. मी इतक्या वर्षांत पालकांना जे समजावत आलेय, ते तिनं एका शब्दात सांगितलं.

बाईंना दोष द्यायचा माझा विचार नाही. त्यांच्याकडे चार तुकड्या आहेत, प्रत्येकीत साठेक पोरं. एका वहीला अर्धा मिनिट दिला तरी दोन तास जातात, आणि हे दर आठवड्याला. अर्ध्या मिनिटात वही भरलीय की नाही एवढंच दिसणार. पण भरलेली वही हा अभ्यासाचा पुरावा मानायची जी आपली सवय आहे, घरी आणि शाळेतही, ती मला पटत नाही.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा मिटून लिहिणारे. श्रावणी तर पुन्हा वाचतही नव्हती, नुसती उतरवत होती. आजोबांची गोष्ट मात्र तिनं भाषणासाठी कितीतरी वेळा स्वतःच्या तोंडानं सांगितली होती.

आम्ही ठरवलं ते असं. बुधवारी पाठ वाचायचा, गाईड कपाटात. गुरुवारी पुस्तक मिटून तो पाठ नानम्माला सांगायचा. नानम्मा म्हणजे वडिलांची आई, शाळेचं तोंड न पाहिलेली. सांगायचा तेलुगूत. इथे आई अडली. "पेपर मराठीत, मग तेलुगूत कशाला?" मी म्हटलं, "ताई, घरात ती विचार ज्या भाषेत करते त्या भाषेत आधी उमजू दे. उमजलेलं मराठीत आणायला तिला जड जाणार नाही, दहा वर्षं मराठी शाळेत आहे ती." सांगून झालं की कच्च्या वहीत पेन्सिलीनं मराठीत पाच-सात ओळी. मग पुस्तक उघडून सुटलेलं हिरव्या पेननं भरायचं. शनिवारच्या वहीत जाईल ते यातून.

पहिल्या गुरुवारी तीन ओळी आल्या आणि बाकी पान हिरवं. श्रावणी रडली. आईनं फोन केला, "पहिलंच बरं होतं ओ, निदान वही तरी पूर्ण व्हायची." असं होणार हे मी आधी सांगून ठेवायला हवं होतं. न आठवण्याचा तो त्रास पहिल्यांदाच होत होता. आजवर तो थेट परीक्षेच्या दोन तासांत व्हायचा.

खरी गाडी पुढे ढकलली ती नानम्मानं. नात सांगत होती, मतदाराचं वय २१ वरून १८ केलं. नानम्मा म्हणाली, "का?" नातीला सांगता येईना. पुस्तक उघडावं लागलं. पुढच्या आठवड्यात नानम्माचा दुसरा प्रश्न: "आपल्या वॉर्डातनं बाईच उभी राहणार म्हणतात, ते कुणी ठरवलं?" त्यातून ७३ वी-७४ वी घटनादुरुस्ती आली, स्थानिक संस्थांत महिलांच्या एकतृतीयांश जागा आल्या, आणि महाराष्ट्रानं त्या २०११ मध्ये निम्म्या केल्या तेही. पेपरात 'विधान सकारण स्पष्ट करा' असं विचारतात ना, नानम्मा तेच विचारत होती. सकारण म्हणजे काय हे श्रावणीला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ती विधानच जरा लांबवून पुन्हा लिहायची.

बाईंना भेटायला मी आईबरोबर गेले. त्या आधी सावध होत्या. "वह्या वरून तपासायला येतात, कोरी जागा चालत नाही." मी म्हटलं, कोरी नको, पण आठवड्याच्या वर्गपाठातली दोन उत्तरं तिच्या शब्दांत चालतील का? बाकीची हवी तशी लिहू दे. त्यांनी थोडा विचार केला, मग म्हणाल्या, "चालेल. दोन उत्तरं तर मीही नीट वाचीन." 'चौकट पाहा' वाली गोष्ट मी काढली नाही.

दुसऱ्या घटक चाचणीत २० पैकी ११. आईला १५ हवे होते. पेपर पाहिला तर सकारण आणि टीपांचे गुण आलेत, गेलेत ते चुकीची जोडी ओळखण्यात. तिथे नावं आणि ग्रंथ नेमके लागतात, ते नानम्माला सांगून येत नाहीत. त्यासाठी आता चिठ्ठ्या केल्यात: एका बाजूला नाव, मागे ग्रंथ. धाकटा भाऊ विड्यांच्या सुपाशेजारी बसून विचारतो आणि चुकलं की ओरडतो. बोर्डात या विषयाचा लेखी पेपर ४० गुणांचा. त्याला अजून वेळ आहे.

मागच्या शनिवारी आईनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दोन उत्तरं खाडाखोडीची, मधेमधे हिरवी शाई. खाली बाईंचा लाल शेरा: 'उत्तर चांगले. अक्षर सुधारा.'

सोबत आईचा आवाजातला निरोप होता: "मॅडम, अक्षराचं काय करायचं ओ आता?"