घरचे 'नाटकं' म्हणतात, त्यांना बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर कसा समजावू?

बहिणीचं निदान झालंय, पण सांगलीतले नातेवाईक 'लग्न लावून द्या, सुधारेल' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय.

आधी ते नाव बाजूला ठेवा. 'बॉर्डरलाइन' म्हटलं की आपल्याकडे वाटतं, काठावर पास झाली, फार काही नाही! हे नाव 1938 पासूनचं. तेव्हा हा आजार न्यूरोसिस (चिंता-अस्वस्थतेसारखे त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या सीमेवरचा समजत. ती समजूत गेली, नाव चिकटून राहिलं.

त्यापेक्षा प्रसंग सांगा. माझी चुलतबहीण विश्रामबागला राहायची. एकदा मिरजेहून यायला मला अर्धा तास उशीर झाला, फोन सायलेंटवर. बावीस मिस्ड कॉल. दार उघडलं तेच 'तू पण सोडून जाणार ना?' म्हणत. तासाभरानं तीच माझ्यासाठी चहा गाळत होती, निम्मा ओट्यावर, हात थरथरत होते. आम्ही याला थेरं म्हणायचो. ती टाकलं जाण्याची भीती होती, आणि भावना एकदा उसळली की लवकर ओसरतच नाही.

लग्नाचं औषध तर अजिबात नको. उपयोग होतो तो मानसोपचारांचा, विशेषतः डीबीटीचा, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा; यात उसळलेल्या भावना सांभाळायला शिकवतात. ती पद्धत काढणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी 2011 मध्ये स्वतःच्या तरुणपणातल्या अशाच त्रासाबद्दल जाहीर सांगितलं. मामा-काकांना हे आवर्जून सांगा. गोळ्या बहुतेक सोबतच्या नैराश्यासाठी वगैरे असतात. वेळ लागतो, पण बरेच जण सावरतात.

आणि ती जिवाचं बरंवाईट करायचं बोलली तर 'लक्ष वेधतेय' म्हणून सोडू नका. एकटं ठेवू नका, डॉक्टरांना गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.