थर्माकोल कोरून एकांकिकेसाठी सिंहाचं तोंड केलंय, पण स्प्रे पेंट मारला की खड्डे पडतायत. वरून काय कोटिंग द्यावं?

ते खड्डे स्प्रेमुळे पडतायत, कोरताना तुमचं काही चुकलेलं नाही. स्प्रेच्या डब्यात थिनरच्या जातीचं द्रावण असतं आणि थर्माकोल त्यात विरघळतं, त्यात थर्माकोल म्हणजे जवळजवळ 98 टक्के हवाच, त्यामुळे जरासं वितळलं तरी मोठा खड्डा दिसतो. आमच्या सिंहासनाच्या सिंहाचं नाक प्रयोगाच्या आदल्या रात्री असंच बसलं होतं, पहाटेपर्यंत पुन्हा कोरत होतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी खड्डे पुट्टीने भरा, वाळू द्या, मग सगळ्यावर फेविकॉल, पण साधा पांढरा, पाण्यातला. पिवळा चिकट एसआर लावलात तर तोही थर्माकोल खातो. दोन वाट्या फेविकॉलला एक वाटी पाणी घालायचं, त्यात जुन्या मलमलचे किंवा बँडेजच्या जाळीच्या कापडाचे बोटभर रुंद तुकडे बुडवून चिकटवत जायचं, डोळ्याच्या खोबणीत, नाकपुडीत ब्रशने दाबून बसवायचं. खरी ताकद या कापडात आहे. नुसती पुट्टी किंवा पीओपी थापलं तर सामान उचलता-ठेवताना कुणाचा तरी धक्का लागतो आणि टवके उडतात, कापड असलं की चीर गेली तरी तुकडा पडत नाही. निदान दोन थर द्या आणि मधे पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात एकेका थराला दीड-दोन दिवस लागतात, पंखा लावून ठेवा पण हीटर किंवा हेअर ड्रायर जवळ नेऊ नका.

मग भिंतीची पुट्टी फेविकॉलच्या पाण्यात श्रीखंडाएवढी घट्ट कालवून पातळ हात मारा, वाळली की 120 आणि नंतर 220 नंबरचा पॉलिश पेपर (मास्क लावून, ती धूळ वाईट असते). आयाळ मात्र घासू नका, पुट्टी ओली असतानाच जुन्या कंगव्याने ओढा, स्टेजच्या लाइटमध्ये केस सुंदर दिसतात.

रंग अ‍ॅक्रिलिक किंवा भिंतीचा इमल्शन. सोनेरी स्प्रेच हवा असेल तर प्रायमरचे दोन हात झाल्यावर लांबून हलके फवारे मारा, कारण सुईएवढं भोक राहिलं तरी द्रावण आत शिरतं आणि वरचं कवच तसंच राहून आतून पोकळ होतं.

फायबरवाल्याकडून पॉलिस्टर रेझिन आणून थेट लावू नका, त्यात स्टायरीन असतं, तेही थर्माकोल विरघळवतं, सगळा सिंह बसेल. इपॉक्सी चालतं, महाग आहे, आणि एकदम जाड ओतलं तर तापतं.

आणि हे गणपतीच्या मखरासाठी कुणी वाचत असेल तर सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तिथे पुठ्ठा घ्या, वरचं कापड-पुट्टीचं काम पुठ्ठ्यावरही असंच होतं. आम्ही नाटकासाठीही फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातलेच तुकडे जोडून वापरतो.

दात आणि कानाची टोकं एम-सीलची करा, आधी तीच तुटतात.