झोपलेला कॉम्प्युटर कीबोर्ड उठवतो

प्रश्न: रात्री पीसी स्लीपला टाकतो आणि मांजर कीबोर्डवरून गेलं की स्क्रीन लख्ख चालू. कीबोर्डवर क्यूएमके फर्मवेअर (कीबोर्डच्या आत चालणारा प्रोग्राम) आहे, त्यातच काही करता येईल का?

उत्तर: येतं की! पण आधी चोर कीबोर्डच आहे ना ते बघा, कारण कित्येकदा माउस किंवा नेटवर्क कार्ड निघतं आणि आपण उगाच मांजरावर खापर फोडतो. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडला लास्टवेक जोडून चालवलंत तर शेवटी कोणी उठवलं ते बहुतेक वेळा कळतं.

आता मूळ गोष्ट. यूएसबी कीबोर्ड जोडला की तो कॉम्प्युटरला आपली माहिती देतो (तिला डिस्क्रिप्टर म्हणतात), त्यातला बिट ५ चालू असणं म्हणजे 'मी तुला झोपेतून उठवू शकतो', त्याला रिमोट वेकअप म्हणतात. क्यूएमकेचा कोड खुला आहे, त्यामुळे डिस्क्रिप्टरच्या फाइलमधून रिमोटवेकअपचा तेवढा शब्द काढा, कंपाइल करा (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवा), फ्लॅश करा (तो कीबोर्डमध्ये भरा), की मांजराने कीबोर्डवर नाच केला तरी पीसी ढिम्म. मग उठवायला पॉवर बटणच दाबावं लागेल बरं का, किंवा माउस. मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त आवडतो, वेकअपची जी अट कोडमध्ये 'कुठलीही की दाबली' अशी असते ती बदलून दोन लांबच्या की एकत्र दाबल्या तरच उठव अशी करायची, दोन कोपऱ्यांतल्या घेतल्या तर मांजराला एकाच वेळी जमणं कठीणच.

एवढा खटाटोप नको असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली, कॉम्प्युटर उठवायची परवानगी देणारी टिक काढा. फक्त ती सेटिंग त्या एकाच पीसीपुरती, फर्मवेअरमधला बदल मात्र कीबोर्डसोबत सगळीकडे जातो.