माळकरी घरातल्या मुलीनं उंदरांवर संशोधन करावं का?

प्रश्न: मी पंढरपूर तालुक्यातला शेतकरी. मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. तिला पुढे उंदीर-घुशींची शरीररचना आणि शरीरक्रिया यावर संशोधन करायचंय, पीएच.डी. करायची म्हणते. आमचं घर माळकरी. प्राण्यांवर प्रयोग म्हणजे शेवटी मारणंच ना? त्यात तिचे एक सर म्हणाले, हे प्रयोग आता सगळीकडे बंद होत चाललेत, त्यापेक्षा बी.एड. करून मोकळी हो. कॉलेजात तिनं साधा बेडूकही फाडलेला नाही. तिला हे जमेल का? आणि पोटापाण्याचं काय?

रामकृष्ण हरी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे त्याच्यामागूनच येतात. हो, मारावं लागतं. शरीरक्रियेवरच्या बहुतेक प्रयोगांत शेवटी अवयव काढून तपासावे लागतात. मेंदूचे पातळ काप घ्यायचे, मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हृदयाचं वजन करायचं. त्यासाठी भुलीच्या औषधाचा जादा डोस किंवा अशीच एखादी मान्य पद्धत वापरतात आणि बऱ्याचदा ते काम पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यालाच करावं लागतं. प्रवेशाच्या मुलाखतीत जनुकांच्या आणि मेंदूच्या गप्पा होतात, ही गोष्ट पुढे पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यावर कळते. म्हणून आत्ताच सांगतेय.

मात्र मनाला येईल तसं कुणी काही करू शकत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची एक समिती आहे, तिला सीसीएसईए म्हणतात. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिथे नोंदणी करावी लागते आणि संस्थेत स्वतःची नीती समिती ठेवावी लागते. त्या समितीत पशुवैद्य असतो, बाहेरचा माणूस असतो, विज्ञानाशी संबंध नसलेला एक सदस्यही असतो. किती प्राणी लागणार, तेवढेच का, प्राण्याशिवाय भागणार नाही का, वेदना कमी कशी करणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं आणि मंजुरीशिवाय एक पिंजराही मिळत नाही. प्राणी वगळता येत असेल तर वगळा, संख्या कमी करता येत असेल तर कमी करा, त्रास घटवता येत असेल तर घटवा, हे सूत्र रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९मध्ये मांडलं. आज जगभरच्या नियमांचा पाया तेच आहे.

तुमच्या गळ्यात माळ आहे. तिच्या गळ्यात आहे का, आणि तिला स्वतःला यातलं काय चालेल, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला विचारा. उत्तर काहीही आलं तरी त्याच दिवशी वाद घालू नका.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. घरातला हळवेपणा तुम्ही अडचण म्हणून मांडलाय. या कामात तो अडचण नसतो. उंदराशी जो माणूस धसमुसळेपणानं वागतो त्याचे आकडे बिघडतात, आणि हे आता प्रयोगांनीच दाखवून दिलंय. पूर्वी लॅबमध्ये माउस, म्हणजे लहान जातीचे उंदीर, सर्रास शेपटीला धरून उचलत. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१०मध्ये दाखवलं की शेपटीला धरलेले माउस माणसाला घाबरतात आणि चिंतेची लक्षणं दाखवतात. त्यांना नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललं तर तसं होत नाही. २०१४मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटानं याहून गमतीशीर गोष्ट दाखवली. प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या नुसत्या वासानं माउस आणि रॅट (मोठ्या जातीचे उंदीर) यांच्यावर इतका ताण येतो की त्यांची वेदनेची जाणीव दबते. पुरुषाचा अंगात घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तेच. स्त्रियांच्या वासानं तसं घडलं नाही. (ही ओळ मुलीला जरूर वाचून दाखवा.)

तापमानाचंच बघा. लॅबमधली खोली साधारण २० ते २४ अंशांवर ठेवतात, कारण ती अंगात कोट घातलेल्या माणसाला बरी वाटते. माउसला खरा आराम ३० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे जगभरातले लॅबमधले माउस कायम थोडे गारठलेले असतात आणि ऊब टिकवायला अंगातली तपकिरी चरबी जाळत बसतात. अशा प्राण्यावर लठ्ठपणाच्या औषधाची परीक्षा घेतली तर निकाल कितपत खरा? या प्रश्नावर आज गंभीरपणे काम चाललंय. पिंजऱ्यात कापूस पुरेसा आहे का हे बघणारी मुलगी इथे अभ्यासच करत असते.

शरीररचना म्हटलं की लोकांना वाटतं, सगळं शोधून संपलेलं असणार. रॅटला पित्ताशय नसतं, माउसला असतं. दोघांनाही ओकारी येत नाही, त्यामुळे मळमळीवरचं औषध त्यांच्यावर तपासायला गेलात तर अडचण होते. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कडक इनॅमल फक्त समोरच्या बाजूला असतं, म्हणून मागची बाजू आधी झिजते आणि दाताला छिन्नीसारखी धार आपोआप लागते. मिशीच्या प्रत्येक केसासाठी मेंदूत पेशींचा एक स्वतंत्र पुंजका असतो, आणि मिशीचे केस जसे रांगेत तसेच ते पुंजकेही रांगेत. वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी हे १९७०मध्ये दाखवलं. त्यावर आजही शोधनिबंध निघतात, कारण केस लहानपणीच गेला तर मेंदूतला पुंजका कसा बदलतो, हा प्रश्न माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. आणखी एक गोष्ट: कितीतरी वर्षं बहुतेक प्रयोग फक्त नरांवर झाले. माद्यांचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र आकडे बिघडवतं, असं धरून चालले होते. पुढे तपासल्यावर माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विस्कळीत निघाले नाहीत. म्हणजे मादीच्या शरीराबद्दल विचारायचे प्रश्न अजून ढिगानं शिल्लक आहेत.

तुमच्या उसातलं उदाहरण देते. झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवलं की पहिल्या दिवशी दोन-चार उंदीर मरतात आणि मग बाकीचे त्याला तोंड लावत नाहीत, हे तुम्ही पाहिलंच असेल. नवीन खाणं ते थोडंसं चाखतात आणि लगेच त्रास झाला तर ती चव लक्षात ठेवतात. ब्रोमॅडिओलोन वेगळं. ते शरीरातलं के जीवनसत्त्वाचं चक्र अडवतं, रक्त गोठणं बंद होतं, पण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. खाण्याचा आणि मरण्याचा संबंध उंदराला लागत नाही. त्याच घराण्यातलं वॉर्फरिन १९४८मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि काही वर्षांतच माणसांच्या रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून डॉक्टर ते देऊ लागले. तुमच्या शेडमधली पुडी आणि हृदयाच्या वॉर्डातली गोळी यांच्यामागे एकच शरीरक्रिया आहे.

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४पासून बंद आहे. नव्या औषधासाठी प्राण्यांऐवजी इतर पद्धती वापरायला अमेरिकेनं डिसेंबर २०२२मध्ये आणि भारतानं २०२३मध्ये कायदेशीर वाट मोकळी केली. औषध विषारी आहे का एवढंच तपासणाऱ्या नेमाच्या चाचण्या येत्या काळात कमी होतील, असं मलाही वाटतं. गर्भारपण, झोप, रक्तदाब, म्हातारपण हे प्रश्न मात्र बशीतल्या पेशींवर पूर्ण सुटत नाहीत, त्याला अख्खं शरीर लागतं. तिनं मूळ शरीरक्रियेकडे जावं आणि सोबत पेशींची मशागत, म्हणजे पेशी शरीराबाहेर बशीत वाढवणं, व संगणकावरचं विश्लेषण शिकून ठेवावं. म्हणजे वारा बदलला तरी हात रिकामे राहणार नाहीत.

बेडूक न फाडल्याची चिंता सोडून द्या. यूजीसीनं प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद केल्यापासून तिच्या पिढीतल्या कुणीच ते फारसं केलेलं नाही. लॅबमध्ये गेल्यावर शिकवतात. तोवर घरबसल्या करण्यासारखं एक काम सांगते. विहिरीजवळच्या जुन्या झाडावर घुबड बसत असेल तर खाली राखाडी गोळ्या पडलेल्या दिसतील. घुबड उंदीर जवळपास अख्खा गिळतं आणि केस व हाडं गोळी करून तोंडावाटे टाकतं. हातमोजे आणि मास्क घालून, गोळी आधी ओव्हनमध्ये चांगली तापवून मग चिमट्यानं उकलली की आत कवट्या, जबडे, मांडीची हाडं शाबूत मिळतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असेल तर तो कृंतक, म्हणजे उंदीर-खारींसारखा कुरतडणारा प्राणी. दात सलग आणि टोकदार असतील तर चिचुंद्री, आणि ती कृंतक नाही. कुणाला न मारता शंभर हाडं हातात येतात. फक्त घुबडाच्या ढोलीला हात लावू नये आणि मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नये, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका असतो. मेंदू बघायचा असेल तर सिअॅटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटनं माउसच्या मेंदूचा नकाशा इंटरनेटवर फुकट ठेवलाय.

मारणं तिला नाहीच चाललं, तरी उंदीर सोडायची गरज नाही. रानातल्या कृंतकांचा अभ्यास पकडून, मोजून, सोडून देण्याच्या पद्धतीनंही होतो. पुण्याच्या सिंहगडावर कोंडाणा नावाचा एक उंदीर आहे, त्याचं शास्त्रीय वर्णन १९७५मध्ये झालं आणि तो धोक्यात आलेल्या प्राण्यांत मोडतो. आपला राज्यप्राणी शेकरू कृंतकच. जोधपूरच्या काझरी या संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी वाळवंटातल्या कृंतकांवर आयुष्य घालवलं. असे प्राणी जेमतेम पाण्यावर कसे जगतात, त्यांचं मूत्रपिंड लघवी माणसापेक्षा कितीतरी पट दाट कशी करतं, हा शरीरक्रियेचा अभिजात प्रश्न आहे. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, पुण्यातलं झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण) केंद्र इथे या अंगानं चौकशी करावी. मात्र इथे नोकऱ्या लॅबपेक्षाही कमी आहेत.

वाट अशी. एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम, सीयूईटी-पीजी किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा. बी.एस्सी.नंतर थेट एकत्रित पीएच.डी. हवी असेल तर आयसर पुणे आणि बंगळूरची टीआयएफआर-एनसीबीएस या संशोधन संस्था. कॉलेजात संशोधनासह चौथ्या वर्षाची सोय असेल तर तोही पर्याय नीट बघा. पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. हे पैसे कधीकधी महिनोन्‌महिने अडकतात, म्हणून थोडी गंगाजळी बाजूला ठेवा. मुंबई-पुण्याकडे एसीटीआरईसी (कर्करोग संशोधन), एनसीसीएस (पेशीविज्ञान), परळची पुनरुत्पादन आरोग्य संशोधन संस्था इथे अशी कामं चालतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि त्यांच्यामागे लागलेले खूप. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या कंपन्यांत काम मिळतं, पण तिथे ऊती तपासायच्या चांगल्या जागांवर पशुवैद्यांना पसंती असते. फी भरून मिळणाऱ्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रांवर एक रुपयाही घालू नका.

बी.एड. वाईट नाही, पण ती खात्रीची नोकरी आहे असं समजून करू नये. शिक्षकभरतीच्या टीईटी, टेट या परीक्षा आणि पवित्र पोर्टलच्या रांगेत किती मुलं आहेत, ते शेजारच्या गावात विचारा. शिवाय बी.एड. तिशीतही करता येतं.

माझा सल्ला एवढाच, की पीएच.डी.चा निर्णय आज घेऊ नका. आधी तिनं दोन महिने प्रत्यक्ष ॲनिमल हाऊस (प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा) असलेल्या लॅबमध्ये काढावेत. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, तिचे अर्ज आदल्या वर्षी साधारण दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. ती हुकली तर प्राध्यापकांना थेट लिहावं. चार ओळींत, त्यांचा एखादा निबंध खरंच वाचून. तिथे तिनं भुसा बदलावा, वजनं घ्यावीत, रविवारी पाणी द्यायला जावं, कारण उंदरांना सुट्टी नसते. आणि परवानगी मिळाली तर एकदा तो शेवटचा प्रसंगही डोळ्यांनी बघावा. त्या रात्री घरी फोन येईल तेव्हा ती काय म्हणते, ते माझ्या या पत्रापेक्षा जास्त कामाचं.

आणि अर्ज भरण्याआधी एक बघा. तिला दमा आहे का, किंवा धुळीनं शिंका येतात का? उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी या कामात नेहमी आढळते आणि वाढत गेली तर दम्यापर्यंत जाते. तसं असेल तर आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते मला कळवा. मग लॅब कोणती ते ठरवू.